हिलाल सरांची गाडी

जुनी गाडी विकायची म्हटली की शहाद्यातल्या निम्म्या लोकांना एकच घर आठवायचं, आमच्या शेजारचं. हिलाल सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. गाड्यांचा धंदा त्यांनी कधी केला नाही, दलाली म्हणून चहापलीकडे काही घेतलं नाही. तरी मोटारसायकल असो की ट्रॅक्टर, विकणारा माणूस आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. कळसाडीचे शेतकरी यायचे, तहसील कचेरीतले कारकून यायचे, एकदा तर एक डॉक्टर पेशंट ताटकळत ठेवून आले होते. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. सुरतेला मुलाकडे गेले आणि तिकडेच संपले. त्यांच्या सल्ल्याने विकलेल्या गाड्या अजून तालुक्यात फिरताना दिसतात. त्यांची स्वतःची गाडी मात्र आजपर्यंत कुणाला सापडलेली नाही. तिच्याबद्दल लिहायचं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा टाळलं.

सर बुटके होते, पण ताठ चालायचे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, लाल खडू असायचा, त्यामुळे खिशाचं तोंड कायम गुलाबी. मुलांना ओरडायचे नाहीत. चित्र बिघडलेलं असलं तर कागद फक्त उलटा करून परत द्यायचे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट लागायचं. बोलण्याची त्यांची एक पद्धत होती. वर्गात आणि स्टाफरूममध्ये शुद्ध पुस्तकी मराठी. मनातलं काही बोलायचं झालं की मात्र अहिराणी. मी नगरकडची, मराठीची शिक्षिका. पहिली दोन वर्षं मला त्यांच्या मनातलं काही कळत नव्हतं आणि तेव्हा आमचं फार छान जमायचं.

मी माझी छोटी लाल गाडी विकायला काढली तेव्हा त्यांचं हे दुसरं शास्त्र मला कळलं. मी फोनवर फोटो टाकून मोकळी होणार होते. त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

“शोरूमवाला नवी गाडी विकायला बसलेला असतो, बाई. जुनीला तो भंगारच म्हणणार. फोनवर टाकलीत तर पन्नास जण किंमत विचारतील आणि बघायला एक येणार नाही. स्टँडजवळचा दलाल दोन्हीकडून खातो. राहिले नातेवाईक. त्यांना तर मुळीच नको. प्रत्येक लग्नात पंगतीला शेजारी बसतील आणि गाडी कसा आवाज करते ते तोंडाने करून दाखवतील.”

“मग विकायची कुणाला?”

“ज्याचं घर आपल्याला ठाऊक आहे, पण ज्याच्या घरी जेवायला जावं लागत नाही, अशाला.”

मग त्यांनी ड्रॉइंगचा कागद घेतला, गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि तिची चारी बाजूंनी चित्रं काढली. जिथे पोचा, जिथे ओरखडा, तिथे लाल खडूची खूण. खाली बारीक अक्षरात लिहिलं की थंडीत दुसरा गिअर अडतो, डाव्या मागच्या दाराची काच हाताने ओढावी लागते. मी मनातल्या मनात रडत होते. आपल्याच गाडीची बदनामी आपल्याच पैशाच्या चहावर चालली होती. पण येणारा माणूस तो कागद वाचायचा, एकेक खूण बोटाने तपासायचा आणि त्याचा चेहरा निवळायचा. एवढं सांगितलं म्हणजे लपवलेलं काही नसेल, असं त्याला वाटायचं. माझी गाडी चार दिवसांत गेली, आणि मी धरून बसले होते त्याच किमतीला. गावात त्या कागदाला गाडीची कुंडली म्हणत.

कुंडलीनंतर त्यांच्या अटी यायच्या. काचेवरचा टोलचा टॅग स्वतः खरवडून काढायचा, कारण गाडी गेली तरी तो आपल्याच नावाने बोलत राहतो. खरेदीदाराचं आधारकार्ड बघून त्याच्या गावात एक फोन करायचा. आणि सगळ्यात मोठी अट ते अहिराणीत सांगायचे, म्हणजे ती मनातली होती. “नाव फिरत नही तवलोंग चावी खिशामा.” कागदावर गाडी दुसऱ्याच्या नावाची होईपर्यंत किल्ली द्यायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. हे वाक्य आमच्या शाळेच्या शिपायालाही पाठ होतं.

या बाबतीत ते कुणाची भीड ठेवत नसत. आमच्या एका मुख्याध्यापकांनी आपली जीप धडगावच्या एका माणसाला द्यायची ठरवली. तो ती घाटात सीट भरून चालवणार होता. जीपचा ब्रेक उतारावर दोनदा दाबावा लागायचा. मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, “सर, ब्रेकचं तेवढं नका लिहू. तो काय, करून घेईल.”  सरांनी चित्रातल्या चारी चाकांना लाल गोल केले आणि कागद धडगावच्या माणसाच्या हातात दिला. मी नंतर त्यांना म्हटलं, एवढं कशाला अंगावर घेता? तर म्हणाले, “तो गाडीमा दहा-बारा मानसे बठाडस, बाई. त्यासले ठाऊक नको का?” मुख्याध्यापक वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पगारवाढीच्या फायलीवर सही करतानाही त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही, उलट स्टाफरूममधली त्यांची खुर्ची खिडकीजवळ सरकली म्हणून ते खूश होते.

हे सगळं सांगायचं कारण असं की पुढे जे झालं ते एखाद्या बावळट माणसाच्या हातून झालं असतं तर मी लिहायला बसले नसते.

सरांचे वडील घोड्यांचे दलाल होते. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांचा तंबू ठरलेल्या जागी लागायचा. एका वर्षी सर आम्हा स्टाफला यात्रेला घेऊन गेले आणि त्यांनी आम्हाला जुना सौदा दाखवला. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटांनी किंमत ठरते. तोंडाने एक अक्षर निघत नाही. बघणाऱ्यांना फक्त कापड हलताना दिसतं. सौदा पटला की दोघे हात सोडतात आणि उपरणं झटकतात. मी विचारलं, लिहून काही घेत नाहीत? सर एकदम गंभीर झाले. त्यांच्या घरात हात सुटल्यावर लिहून मागणं म्हणजे समोरच्याच्या बापाला खोटं म्हणणं होतं. आणखी एक गोष्ट पाळायचे. हात सुटला की विकणाऱ्याने त्या जनावराला पुन्हा हात लावायचा नाही, गोंजारायलासुद्धा नाही. घोडी दारात उभी असली तरी ती परक्याची. त्यांचे वडील म्हणे अशा वेळी घोडीकडे पाठ करून बसायचे.

निवृत्तीनंतर सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पत्नी आधीच गेल्या होत्या, मुलगा सुरतेला. पांढरी सात सीटची गाडी दारात धूळ खात होती. एक दिवस त्यांनी स्वतःच्या गाडीची कुंडली काढली. भिंगातून बघत काढली, तरी एक ओरखडा सोडला नाही. त्या गाडीच्या कागदांवर फोन नंबर माझा होता. सरांकडे साधा फोन होता, त्याची घंटी त्यांना ऐकू यायची नाही, म्हणून गाडी घेताना त्यांनी माझाच नंबर देऊन टाकला होता. गाडीबद्दल सरकारचा, बँकेचा, टोलचा जो काही मेसेज यायचा तो माझ्या फोनवर. मी कुंपणावरून ओरडून सांगायची.

चार गिऱ्हाईकं आली आणि गेली. पाचवा आला तो दुपारी, एकटा. चाळिशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं. त्याने गाडीकडे धड पाहिलंही नाही. ओट्यावरच्या भिंतीवर सरांच्या वडिलांचा घोड्यासोबतचा फोटो होता, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, चप्पल काढली आणि नमस्कार केला.

“आप्पा, तुम्हना बापनी मन्हा आजाले घोडी इकेल व्हती. काळी. आम्हना घरमा आजून तिनं नाव निंघस.”

वडिलांनी विकलेली घोडी अजून कुणाच्या घरात आठवतात हे ऐकून सर उठून उभे राहिले. मग त्या माणसाने खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला. 

मी तेव्हा चहा घेऊन आत-बाहेर करत होते. सरांचा चेहरा मला अजून दिसतो. वीस वर्षांत तो मी इतका आनंदी पाहिला नव्हता. त्यांनी उपरण्याखाली हात घातला. कापड थोडं हललं, थांबलं, परत हललं. दोघांनी हात सोडले. त्या माणसाने सगळी रक्कम तिथेच ओट्यावर ठेवली, सरांनी फॉर्मांवर सह्या केल्या आणि गाडीचं पुस्तक, फॉर्म, किल्ली, सगळं त्याच्या हातात दिलं.

“आठ दिनमा नाववर करी लेस, आप्पा,” तो म्हणाला.

मी मध्ये पडले. “सर, नाव फिरायचंय अजून. आणि तो काचेवरचा टॅग?”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्याने बोलले होते. “बाई, हात सुटना,” एवढंच म्हणाले, म्हणजे हात सुटला, सौदा संपला, आणि गाडीकडे पाठ करून बसले. गाडी सुरू झाल्याचा, वळल्याचा, गल्लीतून गेल्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नाही. कुंडलीचा कागद ओट्यावरच राहिला होता. तो त्या माणसाने मागितलाच नव्हता, आणि हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

पहिला मेसेज तिसऱ्या दिवशी आला. सुरतेच्या रस्त्यावरच्या एका नाक्यावर टोल कापला गेला होता. मी कुंपणावरून सांगितलं, सर हसले, म्हणाले फिरू दे. दुसरा मेसेज त्याच नाक्याचा, परतीचा. मग दर दोन दिवसांनी तसंच, जायचा आणि यायचा. आठ दिवस होऊन गेले, पंधरा झाले, गाडी सरांच्याच नावावर होती. त्या माणसाने दिलेला नंबर बंद लागत होता. त्याने सांगितलेल्या गावी सर एसटीने जाऊन आले. त्या नावाचं तिथे कुणी नव्हतं. काळ्या घोडीबद्दलही कुणाला ठाऊक नव्हतं.

मग दंडाचा मेसेज आला, फोटोसकट. गाडी सरांचीच. काचांना काळी फिल्म, पुढची नंबरप्लेट वाकवलेली. सरांनी माझा फोन भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहिला.

“मागचा दरवाजाले दुसरा रंग शे,” ते म्हणाले. “आणि गाडी मागून खाली बसेल शे. सीटा काढेल शेत तिच्या. वजन भरी ऱ्हायनात.”

कसलं वजन ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गुजरातेत दारूबंदी आहे आणि आमच्या बाजूने तिकडे काय जातं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, सर, आत्ताच्या आत्ता पोलीस स्टेशनला चला. त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला.

“कोणले सांगू नका, बाई. बठ्ठा गावले मी नियम सांगेल शे. लोके काय म्हणतीन? आठ दिन थांबा. तो ईन.”

तो येईल म्हणून मी थांबले. मग आणखी आठ दिवस थांबले. मला सरांची कीव आली होती आणि मला त्यांना गावासमोर लाजवायचं नव्हतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. दोन महिने तो फोन माझ्या पर्समध्ये होता आणि मी रोज पोलीस स्टेशनवरून शाळेत जात होते.

सर त्या दिवसांत चित्रं काढायचे थांबले. ओट्यावर कुणी गाडीचा सल्ला मागायला आलं तर आत जाऊन पडायचे, मी सांगायची की सरांना बरं नाही. रोज संध्याकाळी कुंपणाशी यायचे आणि फक्त भुवया उंचावायचे. मी नाक्याचं नाव आणि वेळ सांगायची. ते मान हलवायचे आणि जायचे. नंतर मेसेज बंद झाले. एक दिवस, चार दिवस, बारा दिवस. मला वाटलं सुटलो. सरांना तसं वाटलं नाही. “बोलत व्हती तवलोंग कोठे शे ते तरी समजे,” ते म्हणाले.

तेराव्या दिवशी तिसऱ्या तासाला माझा फोन वाजला. मी वर्गाबाहेर येऊन घेतला. पोलीस होते. अकराणीत, म्हणजे धडगावच्या बाजूला, घाटाखालच्या रस्त्यावर, बाजार करून पायी घरी चाललेल्या एका माणसाला पांढऱ्या गाडीने उडवलं होतं. गाडी थांबली नाही. माणूस तिथेच गेला. एका मेंढपाळाने नंबरचे शेवटचे आकडे पाहिले होते. “गाडी हिलाल सरांची आहे ना, मॅडम? नंबर तुमचा दिसतोय.” मी हो म्हटलं. मग मी वर्गात परत गेले आणि उरलेला तास मुलांना शुद्धलेखन घातलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी सरांच्या ओळखीचे एक वकील घरी आले. त्यांना यात अवघड काही दिसत नव्हतं. जुन्या तारखेचा स्टॅम्प मिळतो, त्यावर गाडी अडीच महिन्यांपूर्वी विकल्याचं लिहायचं, खरेदीदार म्हणून कुणाचंही नाव घालायचं, साक्षीदार म्हणून बाईंची सही. विक्री खरीच झाली होती, त्यात फसवणूक कसली? मी पेन काढलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण काढलं होतं, आणि टोपणही उघडलं होतं. सरांनी वकिलांचा कागद घेतला, वाचला आणि उलटा करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांना त्यांनी सगळं सांगितलं. उपरणं, हात, टॅग, मेसेज. जबाब लिहून घेणारा हवालदार सरांचाच विद्यार्थी निघाला. तो लिहिता लिहिता थांबला आणि त्याने विचारलं, “सर, दोन महिने का गप्प बसलात?”

“लाज वाटली,” सर म्हणाले. हवालदाराने तेही लिहिलं.

तिथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. चार दिवसांनी सर सकाळी कुंपणाशी आले. कोट घातला होता. म्हणाले धडगावला जातो, त्या मेलेल्या माणसाच्या घरी. एकट्याने त्यांना रस्त्याचा खड्डा दिसला नसता, म्हणून मी सुटी टाकली. शहाद्याहून जीप मिळाली. घाट सुरू झाल्यावर सर खिडकीच्या दांड्याला धरून बसले आणि प्रत्येक वळणावर ड्रायव्हरच्या पायाकडे बघत राहिले. पांढरी गाडी समोरून आली की मी तिची नंबरप्लेट बघायची. तीन आल्या. तिसरी गेल्यावर मी बाहेर बघणं बंद केलं.

मेलेल्या माणसाचा पुतण्या आमच्या शाळेत शिकलेला, आता गावच्या सोसायटीत कामाला. रस्त्यावर तोच घ्यायला आला. पाड्यापर्यंत अर्धा तास चढ होता. कुडाचं घर, पुढे अंगण, अंगणात एक बाई मका सोलत बसली होती. ती त्याची काकी, मेलेल्या माणसाची बायको. मराठी तिला येत नव्हतं. पुतण्याने आम्हाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, तुम्ही कशाला आलात? पोलिसांनी सांगितलं आम्हाला. गाडी दुसराच चालवत होता. तुमचं काय त्यात?”

मला हायसं वाटलं. मी सरांच्या बाहीला हात लावला. एवढं ऐकून परत फिरता आलं असतं. पण तोवर त्या बाईने हातातलं कणीस खाली ठेवलं होतं आणि तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. पुतण्या उत्तर देणार तेवढ्यात सरांनी त्याला थांबवलं.

“काय विचारते?”

“विचारते, गाडी कोणाची होती.”

माझी फार इच्छा होती की त्यांनी म्हणावं, विकली होती. खरं तर तेच खरं होतं. सरांनी चपला काढल्या, तिच्यासमोर मातीत बसले आणि अहिराणीत म्हणाले, “गाडी मन्ही शे, बाई. माले दोन महिनापासून ठाऊक व्हतं ती कसाले फिरी ऱ्हायनी, आणि मी गप बसनू.”

पुतण्याने ते लगेच सांगितलं नाही. बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याने सांगितलं. ती उठली आणि घरात गेली. दार नव्हतंच, त्यामुळे आत अंधारात ती उभी असलेली दिसत होती. आजूबाजूच्या घरांतून माणसं यायला लागली. एक म्हातारा खाट घेऊन आला, सर खाटेवर बसले नाहीत. खालच्या रस्त्यावरून जीपवाला हॉर्न देत होता, ती शेवटची जीप होती. सर मला म्हणाले, “तुम्ही निंघा, बाई. मी थांबस.” आणि मी निघाले. निघाले म्हणजे पळाले.

ते तिथे तीन दिवस राहिले असं नंतर कळलं. तिथल्या पंचांनी काय ठरवलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगा आला आणि त्यांना धडगावहून परस्पर सुरतेला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. मला ते शेवटचे दिसले ते त्या अंगणात, उताराच्या वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा. सोललेल्या मक्याशेजारी कोट घालून बसलेला बुटका माणूस, आणि भोवती पंधरा-वीस जण. रानातून एकेक जण येत होता, उभ्या उभ्या काहीतरी विचारत होता. पुतण्या दरवेळी सरांकडे हात करून तेच सांगत होता, आणि सर दरवेळी मान हलवून हो म्हणत होते.